भिंतीवरची उघडी तार

आर्णीजवळच्या तांड्यात ममता जाधवला सगळे वायरमनच म्हणतात. यवतमाळच्या आयटीआयमध्ये ती वर्गातली एकटी मुलगी होती. परत आल्यावर दोन वर्षांत तिनं आसपासच्या अकरा घरांवर सोलर बसवलं. तिच्या कामात कोणी खोट काढली नव्हती.

एक खोट तिला मात्र ठाऊक होती. छतावरच्या सोलर पाट्यांच्या लोखंडी चौकटीत वीज उतरलीच, तर ती मातीत जावी म्हणून अर्थिंगची तांब्याची तार भिंतीवरून खाली आणतात. ती तार ओढली जाऊ नये म्हणून वरून पाइप घालतात. त्या अकरा घरांपैकी चंदाबाईच्या घरी खालच्या पाच-सहा फुटांना पाइप पुरला नाही.

"पुढच्या हप्त्यात टाकतो, काकी," ममता म्हणाली होती. मग दुसऱ्या घरांतही तसंच राहत गेलं.

मार्चमधल्या एका दुपारी चंदाबाईचा फोन आला.

"ममता, सोलरच्या मशीनवर तांबडा लाईट लागून राह्यला आठ दिवसांपासून. डोळ्यात जाते, म्हणून मी त्याच्यावर दुपट्टा टाकला."

तांबडा लाईट म्हणजे वीज कुठंतरी लोखंडात उतरत होती. "काकी, छतावर जाऊ नको! पाट्यांच्या लोखंडाले हात लावू नको!"

"काहून? लुगडं वाळत घालाचं हाय ना..."

फोन कटला. पुन्हा लावला तर नुसती रिंग वाजत राहिली. ममतानं गाडी काढली.

अंगणात माणूस दिसत नव्हतं. चंदाबाईनं बकरी त्या उघड्या तारेलाच बांधली होती. बकरीनं हिसके देऊन देऊन तार अर्थिंगच्या खड्ड्यातल्या जोडणीतून उपसून काढली होती. तारेचं टोक मातीपासून हातभर वर लोंबत होतं.

ममता जिना चढली. बादली आडवी पडलेली, आणि भिंतीला टेकून चंदाबाई उजवा हात छातीशी धरून बसलेली.

"हात सुटतच नव्हता, बाई," ती पुटपुटली. "पाय घसरून पडलो, म्हणून सुटला."

ममतानं टेस्टर लोखंडाला लावला. त्यातला दिवा लागला. तिनं मशीन बंद केली. पण ऊन आहे तोवर पाट्या वीज करतच राहतात, म्हणून काठीनं ताडपत्री सरकवत त्या झाकल्या. पाट्यांखालची वायर उंदरांनी कुरतडली होती; तिथूनच वीज लोखंडात उतरली होती.

चंदाबाईची दोन बोटं अजून बधिर आहेत. "तुही काय चूक? बकरी तं मी बांधली," ती म्हणते. 

ममतानं उरलेली दहाही घरं पालथी घातली. पाइप घातले, तार धरणाऱ्या पट्ट्या आवळल्या. शेवटचं घर बाबूसिंगचं. तिथं तार भिंतीवर नव्हतीच. कोणीतरी तांब्यासाठी कापून नेली होती. पाट्यांच्या लोखंडाला लोखंडी शिडी टेकली होती आणि तिच्यावरून दोन नातवंडं अनवाणी वर-खाली पळत होती.

"साल झालं अशीच हाय," बाबूसिंग म्हणाला. "काही तं झालं नाही!"

"पोरायले खाली बोलवा, काका," ममता म्हणाली. "आत्ताच."