उपाशीपोटी या, असं मीच सांगितलं होतं

आमच्या घरी रक्त तपासायला जायचं म्हणजे मोठी तयारी असायची. गाव मुरबाडच्या पुढे. वडिलांना तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं की आई आदल्या संध्याकाळपासून त्यांना पाण्याच्या तांब्याकडे फिरकू द्यायची नाही. पहाटे अंघोळ, धुतलेला शर्ट, केसांना तेल, आणि पोट रिकामं. डॉक्टर फुकट तपासतात, तर आपण निदान नीट जावं, असं ती म्हणायची. मला ते पटायचं. सरकारी शाळा, सरकारी शिष्यवृत्ती, सरकारी वसतिगृह यांच्या जिवावर घरातली पहिली पदवी माझी झाली. सरकारी इमारतीत शिरताना मी आजही आवाज खाली आणते.

समाजकार्याचं शिक्षण झाल्यावर मला कल्याणमधल्या एका छोट्या संस्थेत काम मिळालं. सुईने नशा करणाऱ्या माणसांना पुलाखाली, बाजाराच्या मागे जाऊन भेटायचं, नव्या सुया द्यायच्या, वापरलेल्या परत घ्यायच्या, आणि हिपॅटायटिस सीची तपासणी करायला लावायची. एकच सुई दोघांनी वापरली की हा आजार पसरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृत खात राहतो. औषध आहे, फुकट आहे, तीन महिने गोळ्या घेतल्या की बहुतेकजण पूर्ण बरे होतात. हे मी इतकं छान समजावून सांगायचे की ऐकणारे माना डोलवायचे. नंतर कोणी यायचं नाही. बोटाला टोचून केलेली तपासणी आणि पहिली गोळी यांच्यामध्ये केसपेपर होता, दंडातून रक्त काढणं होतं, रिपोर्ट होता, डॉक्टर होते. प्रत्येक पायरीवर माणसं गळायची आणि मी चिडायचे. त्यांच्यावरच.

एकजण मात्र स्वतःहून मागे लागला. पूर्वी घाऊक बाजारात गोण्या उतरवायचा, चाळिशीचा असेल. त्याच्याबरोबर एकाच सुईवर असलेला मित्र पोट फुगून, डोळे पिवळे होऊन त्याच्या डोळ्यांसमोर गेला होता. बोटाच्या तपासणीत याचाही आजार निघाला. "दीदी, मला तसं नाय मरायचं," एवढंच तो म्हणाला. मी त्याला मंगळवारची वेळ दिली आणि सगळं बजावलं. रात्रीपासून काही खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, अंघोळ करून यायचं, आणि सकाळी नशा बिलकुल करायची नाही.

त्याने त्यातलं एकूण एक केलं. सार्वजनिक नळावर अंघोळ करून, कोणाचा तरी इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्या आधी सरकारी रुग्णालयाच्या दारात उभा होता. नाक गळत होतं, अंगावर काटा, दात वाजत होते. नशा मिळाली नाही की येते ती थरथर. मला वाटलं, सहन करतोय, शाबास.

रक्त काढणाऱ्या टेक्निशियनने डाव्या हाताला दोनदा टोचलं, उजव्याला दोनदा. नस सापडेना. वर्षानुवर्षं टोचून नसा कधीच्याच आत गेल्या होत्या. रांग मागे वाढत होती. शेवटी तो हळूच म्हणाला, "साहेब, द्या इकडे. कुठे लागते मला माहितीये. मी काढतो."

टेक्निशियनने सुई ट्रेमध्ये टाकली. "हा काय तुझा अड्डा आहे का रे?"

रांगेतले दोघंतिघं हसले. तो माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी केसपेपरची घडी घालत राहिले. त्याने बाह्या खाली केल्या, "तुम्ही बोललात ते सगळं केलं आपण," म्हणाला आणि निघून गेला. ऑफिसात येऊन मी नोंदवहीत लिहिलं, रुग्णाने सहकार्य केले नाही.

आमच्या संस्थेत एक दादा आहेत. स्वतः बारा वर्षं सुईवर काढून सुटलेले. त्यांनी ती ओळ वाचली आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"उपाशी कशाला?" त्यांनी विचारलं. "या तपासणीला उपाशी लागतच नाही. आणि त्याचं पाणी तोडलंस? अगं, पाणी प्यायलं तर नस जरा तरी वर येते. वर नशाही बंद. थरथरणाऱ्या हातातून कोण रक्त काढणार?"

मी म्हटलं, आमच्याकडे असंच करतात.

"तो तुझा बाप नाहीये."

मी ती ओळ खोडली. खोडून काय होणार होतं? पुढचे पाच आठवडे तो मला टाळत राहिला. मी दिसले की रस्ता ओलांडायचा. मग पुलाखालून माणसं हुसकावली गेली आणि तो दिसेनासाच झाला. इतकी वर्षं न येणाऱ्यांवर चिडले होते, आता जो आला होता त्याला मी घालवलं होतं. दादांनी चौकशी केली तेव्हा कळलं, शीळफाट्याजवळ भंगाराच्या दुकानामागे झोपतो. मी दोनदा जाऊन हात हलवत परत आले. तिसऱ्यांदा भेटला. चूक माझी होती, हे सांगितलं. तो म्हणाला, मला सांगून काय, तिथे सांगा.

म्हणून पुढच्या मंगळवारी पोटभर नाश्ता करून आणि दोन बाटल्या पाणी पिऊन आलेल्या त्याच्या शेजारी मी रक्त काढायच्या त्याच खिडकीशी उभी राहिले. सकाळी थरथर येऊ नये इतपत नशा त्याने केली होती, हे मला ठाऊक होतं आणि मी काही म्हटलं नव्हतं. रांग तशीच होती. माझा आवाज नेहमीसारखा खाली गेला, तो मी ओढून वर आणला आणि टेक्निशियनला सांगितलं की मागच्या वेळी याला उपाशी आणि पाण्याशिवाय मी आणलं होतं, याची काही चूक नव्हती. आणि नस कुठे लागते ते त्याला विचारा.

"हे तेव्हाच बोलायचं ना मॅडम," टेक्निशियन वैतागून म्हणाला. दिवसभर तो एकटाच त्या खिडकीत असायचा, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. मग याच्याकडे वळून, तोंडाकडे न बघताच, "हं. कुठे?"

त्याने दंडाची मागची बाजू पुढे केली, कोपराच्या वर, आणि बोट ठेवलं. "इथे. आडवी जाते. सावकाश."

दुसऱ्या प्रयत्नात लागली. दोन नळ्या भरल्या. टेक्निशियनने नाव लिहून चिकटवलं आणि सांगितलं, रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना भेटायचं, मग औषध. तो कापूस दाबून धरून विचारत होता, कधी येणार, कोणत्या खिडकीवर, आपण एकटा आलो तर देतील का. टेक्निशियनने पुढच्या माणसाला हाक मारली. रिपोर्टची खिडकी कोणती, ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं ती शोधायला निघालो.