पूर्वीपासून म्हणजे कधीपासून?

पेशंटला टेबलावर घ्यायचं बाकी होतं आणि त्याचे वडील ऑपरेशन थिएटरच्या दारात आडवे उभे होते.

“आमच्यात चाकू लावीत न्हाईत,” बापू म्हणाले. “देवाचं हाय. दुसरं काय करायचं ते करा.”

दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचा मुलगा प्रसाद, पिंपळवंडीचा, टोमॅटोच्या प्लॉटवर राबणारा चांगला दांडगा गडी, आदल्या दिवसापासून हिरव्या उलट्या करत होता. पोट टम्म फुगलं होतं. आतड्याला पीळ पडला होता. पीळ पडला की त्या भागाचं रक्त तुटतं, आतडं काळं पडतं, आणि मग डॉक्टरच्या हातात काही राहत नाही. पुण्याला पाठवावं तर वाटेतच आतडं फुटायची भीती होती.

मी भूलतज्ज्ञ. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथल्या नर्सिंग होममधून फोन आला की बॅग गाडीत टाकायची आणि निघायचं. ऑपरेशन करणारा डॉक्टर लोकांच्या लक्षात राहतो. झोपवणारी आणि परत उठवणारी बाई कुणाला आठवत नाही. आठवलीच, तर समजावं की काहीतरी बिघडलं. त्यामुळे काळजी करणं हाच माझा धंदा आहे, आणि घरच्यांच्या मते मी तो सुट्टीच्या दिवशीही करते.

सर्जन सुहास सर बापूंशी बोलून बोलून थकले होते. “मॅडम, आता तुम्ही बघा. माझं डोकं फिरायची वेळ आलीय,” ते म्हणाले. प्रसाद सज्ञान होता, संमती तो स्वतः देऊ शकत होता. त्याला विचारलं तर कण्हत म्हणाला, “बापू म्हणत्याल तसं.”

मी बापूंना बाकावर बसवलं. शेजारी त्यांची थोरली बहीण आक्का होती. बेल्ह्याला दिलेली, भाच्याचं कळल्यावर तशीच निघून आलेली.

आमच्याकडे ‘आमच्यात चालत नाही’ हे रोज ऐकायला मिळतं. कुणाकडे पापड लाटत नाहीत. कुणाकडे काळी साडी आणत नाहीत. माझ्या सासरी बायका भोपळा चिरत नाहीत. मी माणसाला बेशुद्ध करते, पण भोपळ्याला अजून सुरी लावलेली नाही. कारण विचारलं की एकच उत्तर येतं, पूर्वीपासून. त्यापुढे कुणी विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आत पोरगं तळमळत होतं आणि माझा आवाज चढला.

“कधीपासून चालत नाही, बापू?”

“पूर्वीपासून.”

“म्हणजे तुमच्या आजोबांपासून?”

“त्याच्याबी आदीपासनं.”

“अहो, तुमच्या आजोबांच्या आधी इथे ऑपरेशन करत होतं कोण? जे नव्हतंच, त्याला मनाई कशाला असेल?”

उत्तर आक्कांनी दिलं. “तेबी खरंच हाय. आज्याच्या वेळी वैद्यच यायचा. हे नानाकाकापासनं लागलं.”

नानाकाका म्हणजे या दोघांचे धाकटे चुलते. अपेंडिक्स दुखायला लागलं म्हणून त्यांना कुठल्याशा हॉस्पिटलात नेलं होतं. बापू तेव्हा शाळेतही जात नव्हते. यांचे वडील भावाचा हात धरून आत उभे होते, त्यांनी पाहिलेलं आक्कांनी लहानपणापासून ऐकलेलं.

“हातात सुई दिली,” आक्का सांगू लागल्या. “त्यानं डोळं मिटलं. आन् देव अंगात आला. पापण्या, गाल, खांदं, पार पायापातुर समदं अंग थरारलं. मग गप पडला तो पडलाच. चाकू लावायच्या आदीच गेला. देवानं लावूच दिला न्हाई.”

माझ्या अंगावर काटा आला. देवामुळे नव्हे. ते थरारणं मी थिएटरमध्ये कितीदा पाहिलं आहे.

स्कोलीन नावाचं एक औषध असतं. पेशंट झोपला की आम्ही ते शिरेत देतो. त्याने अंगाचे सगळे स्नायू एकदा थरथरतात, पापण्यांपासून सुरुवात होते, आणि मग सगळे सैल पडतात. श्वासाचेही. तेवढ्यात घशातून श्वासनलिकेत नळी घालायची आणि श्वास आपण द्यायचा. औषध काही मिनिटांत उतरतं, कारण रक्तातला एक पदार्थ त्याचे तुकडे करून टाकतो. काही मोजक्या घराण्यांत हा पदार्थ जन्मतःच निकामी असतो. एरवी त्याचं काही अडत नाही, माणूस नांगरतो, पोहतो, म्हातारा होऊन मरतो. स्कोलीन दिलं तरच कळतं. काही मिनिटांचं औषध मग काही तास उतरत नाही. आज अशा वेळी पेशंटला व्हेंटिलेटरवर ठेवून वाट बघता येते. नानाकाकांच्या वेळी तिथे काय होतं आणि काय नव्हतं, मला ठाऊक नाही.

“आणखी कुणाला असं झालं होतं का?”

“मला की,” आक्का म्हणाल्या. “पित्ताच्या खड्यांसाठी सासरच्यांनी पुण्याला नेलती. संध्याकाळपातुर मशिनीवर ठेवली. मला समदं ऐकू येत व्हतं, मॅडम. ती सिस्टर म्हनत व्हती, ही बाई जागी का होईना. मला वरडायचं व्हतं. पापणीबी हलंना.”

“डॉक्टरांनी काही सांगितलं नाही?”

“सांगितलं. तुमाला एक औषध चालत न्हाई, पुढं ऑपरेशन केलं तर सांगायचं. मी घरी यून सगळ्यांना सांगितलं, देवानं मला सोडली पण ताकीद दिली, आपल्यात चालत न्हाई.”

तोवर नानाकाका माझ्या लेखी एका जुन्या काळातले होते, जिथे देव अंगात येतो आणि माणसं मरतात. त्या क्षणी ते माझे पेशंट झाले. त्यांच्या शेजारी कुणीतरी माझ्यासारखंच उभं असणार, हातात सिरिंज, आणि हा श्वास का घेत नाही म्हणून त्याला दरदरून घाम फुटला असणार. ती भीती मी ओळखत होते. मला त्या माणसाची फार दया आली.

“तुमच्यात मामाची मुलगी करतात का?” मी विचारलं.

“करत्यात की. परक्यापेक्षा घरातली बरी,” बापू म्हणाले. “प्रसादची आईबी माझ्या मामाचीच.”

असा दोष दोन्हीकडून आला तरच पोरात उतरतो. घरातल्या घरात लग्नं झाली की दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. आणि फुगलेल्या पोटाच्या पेशंटला नळी झटपट घालावी लागते, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. त्यासाठी सिरिंजमध्ये मी स्कोलीनच भरून ठेवलं होतं.

मी सुहास सरांना बाजूला घेऊन आक्कांनी सांगितलेलं सगळं ऐकवलं.

“स्कोलीन देणार नाही. रोक्युरोनियम मागवा.”

“देव अंगात आला म्हणून औषध बदलणार? आक्कांना न चालणारं औषध कुठलंही असू शकतं मॅडम, अँटिबायोटिक असेल.”

“असेल.”

“त्याची मान बघितलीत? आखूड आहे. नळी गेली नाही तर?”

नेमकी तीच भीती मला होती. स्कोलीन नेहमीच्या माणसात लवकर उतरतं. नळी नाही गेली तरी पेशंट थोड्या वेळात स्वतः श्वास घ्यायला लागतो. रोक्युरोनियमही स्नायू सैल पाडतं, पण ते तासभर उतरत नाही आणि ते उतरवायचं औषध आमच्याकडे नव्हतं. म्हणजे नळी गेली नाही आणि मास्कनेही हवा गेली नाही, तर प्रसाद माझ्या हातून मरणार होता, आणि तोही एका ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवल्यामुळे. पाठीत इंजेक्शन देऊन भागण्यासारखं नव्हतं, बीपी आधीच घसरलं होतं. रक्त तपासायचं तर रिपोर्ट पुण्याहून येणार.

“मागवा,” मी म्हणाले.

नर्सिंग होमच्या मेडिकलमध्ये ते नव्हतं. नारायणगावला औषधांचं मोठं दुकान असलेल्या शांतिलालशेठना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, माणूस नाही पाठवत, मीच निघतो,” आणि औषध बर्फात घालून स्वतः स्कूटरवर निघाले.

तेवढ्या वेळात बापूंचा होकार मिळवायचा होता. देवावर वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. मी एवढंच सांगितलं, “बापू, तुमच्या घरात मनाई आहे, ती खरी आहे. पण चाकूची नाही, एका औषधाची आहे. ते औषध मी देणार नाही.”

त्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, “डॉक्टर औषधच म्हनलं व्हतं रं.” बापू दारातून बाजूला झाले.

शांतिलालशेठ आले. प्रसादला झोपवलं, रोक्युरोनियम दिलं. श्वास थांबला. पहिल्या प्रयत्नात, ज्यांच्या मधून नळी घालायची ते स्वरतंतू मला दिसलेच नाहीत. मॉनिटरचा आवाज उतरू लागला. ऑक्सिजन कमी झाला की तो सूर खाली येतो, आणि भूलतज्ज्ञाला जगात त्याहून वाईट आवाज माहीत नाही. सुहास सर काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. डोक्याखाली आणखी एक चादर घातली, हनुवटी थोडी वर केली, आणि दुसऱ्यांदा नळी गेली. सूर वर चढला.

आतड्याचा थोडा भाग काढावा लागला. दुपारी प्रसादने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. त्या दिवशी मिळणार नव्हतं, म्हणून त्याने मला शिवी दिली. मला ती फार गोड वाटली.

रक्ताचा रिपोर्ट आला, तो पदार्थ जवळजवळ नव्हताच. सुहास सर म्हणाले, टोमॅटोवरच्या कीटकनाशक फवारणीमुळेही कमी होतो. तेही खरं आहे, विषबाधेच्या पेशंटमध्ये हीच तपासणी करतात. म्हणून काही आठवड्यांनी परत केली, आक्कांचीही केली. दोन्ही तशाच आल्या. मी भावकीतल्या सगळ्यांना तपासणीला बोलावलं आणि बापूंना सगळं परत समजावून सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी उठता उठता म्हणाले, “प्रसादच्या आईचंबी पोटच दुखत व्हतं. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हनलं, अपेंडिक्स हाय, कापू. मी न्हाई म्हनलो.”

मी रिपोर्टची घडी घातली.

“वाचली असती का?”

खोटं सांगणं सोपं होतं. प्रसादच्या आईतही दोष असेल, काही उपयोग झाला नसता, असं म्हणता आलं असतं. माझ्या तोंडून “कदाचित” निघालं.

“कदाचित म्हंजे व्हय,” बापू म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

आता मी पेशंटच्या नातेवाइकांना दोन प्रश्न जास्त विचारते. तुमच्यात काय चालत नाही, आणि कधीपासून. बहुतेक वेळा पापड, काळी साडी असंच काही निघतं. सुहास सर घड्याळाकडे बघतात. मी तरी विचारते.