गोराईच्या होडीची परवानगी

मार्तंड कर्णिक म्हणजे आमच्या सिनेमा कंपनीचा परवानग्या आणणारा माणूस. पोलीस म्हणू नका, बंदर खातं म्हणू नका, मार्तंड गेला की शिक्का घेऊनच परत. मी कपडेपटात होतो आणि बोरिवलीला त्याच्या शेजारीच राहायचो. माणूस सरळ, पण कुणाला तोंडावर 'नाही' म्हणेल तर शपथ!

पंचावन्न साली कंपनीला गोराईच्या होडीत शूटिंग करायचं होतं. रोजची उतारूंची होडी, तिच्यात बसून नायिका खाडी ओलांडते, एवढंच. बंदर खात्याने एका सकाळच्या भरतीपुरती परवानगी दिली. दुसरा कुणी तिथेच थांबला असता. पण मार्तंड म्हणाला, "रोज त्यात बसतात त्यांना नको विचारायला?" आणि गेला गोराईला, कोळणींकडे.

त्यांची म्होरकी शेवंती. तिने एकच अट घातली. "माजा धोंडू आगबोटीवर खलाशी हाय. दिवाळीला घरी येतो. त्याला शिनेमात माजं तोंड दिसलं पायजे." मार्तंडने शब्द दिला.

शूटिंगच्या सकाळी बघतो तर काय, होडीत अख्खं वऱ्हाड! एकीच्याही डोक्यावर पाटी नाही. जरीची लुगडी, अंगभर सोनं, अंबाड्यात अबोली. शेवंती सगळ्यांच्या पुढे. अहो, फोटो म्हटला की माणूस नटणारच. खुद्द मार्तंड लग्नाच्या फोटोत उसना कोट घालून उभा आहे! पण रोजच्यासारख्या पाट्या घेऊन या, हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दिग्दर्शक भडकला. "मला मासळीच्या पाट्या हव्यात, लग्न नको! उतरव त्यांना." मार्तंड जागचा हलेना. इकडे भरती ओसरायला लागलेली. शेवटी दिग्दर्शक कॅमेरामनला हळूच म्हणाला, "रीळ घालू नकोस, नुसता फिरव." मार्तंडने ते ऐकलं, मला त्याने फार नंतर सांगितलं. खाडी संपेपर्यंत शेवंती कॅमेऱ्याकडे टक लावून बसली होती. बायका बोरिवलीच्या बाजूला उतरल्या, मग रिकाम्या होडीत नायिका बसली आणि खरं शूटिंग झालं.

पुढल्या दिवाळीत मालाडच्या थेटरात सिनेमा लागला. शेवंती धोंडूला घेऊन आली, आणि तिने मार्तंडला मानाने दोघांच्या मध्ये बसवलं. मी मागे होतो. पडद्यावर होडी आली. नायिका, शीड, पाणी. संपलं.

"आये, तू कुठं हायस?" धोंडूने विचारलं.

मार्तंड उठायला लागला. शेवंतीने हात धरून त्याला खाली बसवलं. "बस रे दादा, तुजी चूक नाय. आमीच लय नटलो. नायिकेपरीस उजव्या दिसलो असू, म्हनून कापलं." मायलेक हसले. तेव्हा तरी त्याने खरं सांगायचं होतं! मेल्याने तोंड उघडलं नाही. रिळाचं कळलं तेव्हा मला भयंकर राग आला त्याचा, अजून येतो.

मार्तंड पुन्हा गोराईला गेला नाही. शेवंती मात्र बोरिवलीच्या बाजारात दिसली की त्याच्या पिशवीत मूठभर बोंबील फुकट टाकायची, आणि त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही.