कर्मठ अय्या

आमच्या जंगम गुरूंना, गुरुबसप्पा अय्यांना, पेठेतली शिकलेली मंडळी 'जुनं खोड' म्हणत. कपाळभर विभूती, पायांत चप्पल नाही, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. मंद्रूपहून चालत सोलापुरात यायचे आणि हॉटेलातल्या चहाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. सुधारणेवर भाषणं ठोकणारे त्यांना हसत. मला राग येतो तो त्या भाषणवाल्यांचाच, कारण त्यांच्याही परसात खोपट होतंच.

आमच्याकडेही होतं. बाजूला बसलेल्या बाईने चार दिवस तिथे काढायचे. आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग जन्मभर अंगावर. पण माझी आजी गंगम्मा त्या चार दिवसांत सुनेचं लिंगही उतरवून देव्हाऱ्यात ठेवायला लावी.

१९३१च्या चैत्रात माझी दीक्षा ठरली. मी आठ वर्षांची, एकुलती एक. लेकीला मांडीवर घेऊन तिच्या गळ्यात लिंग बांधलेलं बघायचं, एवढी एकच हौस माझ्या आईला, सावित्रम्माला, होती. नेमकी आदल्या दिवशी ती बाजूला बसली.

"चुलतीच्या मांडीवर बसंल की पोरगी," आजी म्हणाली. झालं, विषय संपला. आई खोपटात रडत राहिली.

सकाळी अय्या आले. पूजा आटोपून त्यांनी विचारलं, "पोरीची आई कुटं हाय?"

"बाजूला बसलीया, अय्या."

"आन् तिचं लिंग?"

"देव्हाऱ्यात. इटाळ व्हतो न्हवं," आजी म्हणाली.

अय्या ताडकन उठले. "मेल्यावर बी लिंग सोबत मातीत जातं, आन् तुमी जित्या बाईचं काढून घेतलं? लिंग बांधलेल्याला इटाळ न्हाय, ही आपली जुनी चाल. ही नवी थेरं कुणी शिकवली तुमाला?"

नवी थेरं! आजीच्या तोंडचं पाणी पळालं. जुनं म्हणून हयातभर जे जपलं, ते हा म्हातारा नवं ठरवत होता.

"ती लिंग बांधून हितं येईस्तवर या घरचं पाणी मला वर्ज्य," म्हणत अय्या अंगणात उन्हात जाऊन बसले.

आता आजीची खरी पंचाईत झाली. दीक्षेला बोलावलेला जंगम दारात उपाशी, हे तिच्या कुठल्याच सोवळ्यात बसेना. दुपारपर्यंत तिने कळ काढली. मग उठली, देव्हाऱ्यातलं लिंग घेतलं, खोपटात गेली आणि स्वतःच्या हाताने आईच्या गळ्यात बांधलं. बाजूला बसलेल्या सुनेला ती जन्मात पहिल्यांदा शिवली.

मी आईच्या मांडीवर बसले. तिने मला घट्ट धरलं होतं आणि मला तर कुणी राणी केल्यासारखं वाटत होतं.

दीक्षा झाल्यावर आजी अय्यांपुढे उभी राहिली. "मला बी तीस वर्सं बसवलं त्या खोपटात. तवा कुटं व्हता तुमी?"

अख्खी पेठ ज्यांच्या पाया पडायची, त्या अय्यांनी तिला हात जोडले. "चुकलं, अव्वा. मी कदी इचारलंच न्हाय."

आजी वळली. कुऱ्हाड घेऊन परसात गेली, खोपटाचं दार फोडून आणलं आणि चुलीत सारलं. त्याच जाळावर शिजलेली गव्हाच्या खिरीसारखी गोड हुग्गी अय्या त्या दिवशी पोटभर जेवले. वाढायला आई होती.