बुझुकीला मिरजेची जवारी

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जयंती बर्वे काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यावर हाडाची एक पट्टी घासत होती. थोडी घासायची, एक डोळा मिटून उजेडात धरायची, फुंकर मारायची, पुन्हा घासायची. रॉटरडॅमच्या दक्षिण भागात, ट्रामच्या रुळांना लागून असलेल्या त्या दुकानात तंतुवाद्यांची दुरुस्ती होते. हीटर अजून तापायचा होता. खिडकीजवळच्या टेबलावर एक बुझुकी ब्लँकेटवर पडली होती, तारा सैल केलेली.

बुझुकी हे ग्रीकांचं वाद्य. पोट उभ्या कापलेल्या नासपतीसारखं, मान लांब, पोलादी तारा जोडीजोडीने लावलेल्या, आणि वाजवायची नखीने. पोटावर ज्या हाडाच्या पट्टीवरून तारा जातात ती घोडी. थोदोरिस नावाच्या ग्रीक म्हाताऱ्याच्या या बुझुकीची घोडी झिजली होती, तारांनी तिच्यात खोल खाचा पाडल्या होत्या. नवी करून बसवायचं काम जयंतीकडे होतं. दुसऱ्या कुणाचा हात न लागता, पूर्णपणे तिच्याकडे असलेलं हे पहिलंच काम.

दुकान मराइकेचं. साठीच्या पुढची, उंच, मोजकं बोलणारी डच बाई. तिने सोमवारी स्वच्छ सांगितलं होतं, "ही बुझुकी तुझी. मी ढुंकूनही बघणार नाही. थोदोरिस खूश झाला तर शनिवारचं दुकान तू एकटीने चालवायचं. नाही झाला तर आणखी एक वर्ष सरस आणि खुंट्या."

सरस आणि खुंट्या म्हणजे उकललेले जोड चिकटवणं आणि घसरणाऱ्या खुंट्या नीट बसवणं. तीन वर्षं जयंती तेवढंच करत होती. त्याआधीची वर्षं सांगायला सोपी आहेत. नवऱ्याला, प्रसन्नला, बंदरातल्या कंटेनरांची वेळापत्रकं लावणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि ती त्याच्याबरोबर अवलंबिताच्या व्हिसावर आली. पुण्यातली बी.कॉम.ची डिग्री इथे कुणी विचारली नाही. मुलगी मीनल शाळेत जायला लागली तसे हिने डचचे वर्ग केले, सुपरमार्केटात फळ्या भरल्या, आणि एक दिवस खेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सुतारकामाच्या वर्गात नाव घातलं. तिने केलेली खुर्ची शेवटपर्यंत डुगडुगत राहिली. पण वर्ग घ्यायला येणारी मराइके एकदा एक जुनं व्हायोलिन घेऊन आली होती, त्याची खुंटी घसरत होती, आणि जयंतीने फळ्यापाशी जाऊन खडू उचलला आणि खुंटीला चोळला. मराइकेला त्याचं कौतुक वाटलं आणि तिने हिला दुकानात कामाला घेतलं. जयंतीला कळेना की यात कौतुक कसलं. तिचं माहेर मिरजेचं. तिथे शेंबड्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं.

मिरजेत तिच्या घरासमोर तंबोरे करणाऱ्यांची गल्ली सुरू होते. समोरच्या दुकानातले अब्बासचाचा जवारी काढायला बसले की गल्लीतल्या पोरांना गप्प बसावं लागे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा ते अगदी किंचित उताराचा घासत. तार त्याला नुसती चाटून गेली पाहिजे. मग एका सुराच्या आतून आणखी सूर उठतात आणि तंबोरा गुंजायला लागतो. याला जवारी उघडणं म्हणतात. जवारी बंद असलेला तंबोरा मिरजेत कुणी फुकट दिला तरी नेणार नाही.

जयंतीने थोदोरिसला पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, तो नुसत्या तारा बदलायला आला तेव्हा. पंचाहत्तरी ओलांडलेला, जहाजांच्या इंजिनरूममध्ये जन्म काढलेला माणूस. रॉटरडॅमच्या मुलीशी लग्न करून काटेनड्रेख्टला, जुन्या गोदीच्या भागात, राहिला तो तिथलाच झाला. मराइकेच्या दुकानाचा रिवाज असा की गिऱ्हाइकाने वाद्य इथेच वाजवून बघायचं आणि मगच न्यायचं, म्हणजे तक्रारीचा निकाल जागेवर लागतो. थोदोरिसने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि वाजवायला लागला. ताल नव्हता. एक सूर, मग त्याच्या शेजारचा, मग थांबणं.

पहिल्या काही सुरांतच जयंतीला भैरव दिसला. कोमल रिषभ, शुद्ध गंधार. गांधर्वच्या दोन परीक्षा दिलेल्या बाईला एवढं कळतं. अरे, हा तर आपलाच, असं तिच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी तो आपला राहिला नाही. उतरताना म्हाताऱ्याने निषाद कोमल केला, मध्यमावर रेंगाळला, आणि तिथून असा काही वळला की आपण कुठे उभ्या आहोत हेच तिला समजेना. रोजच्या रस्त्याने जावं आणि कोपऱ्यावर वळताच समोर समुद्र असावा, तसं. तिच्या हातातला सरसाचा ब्रश वाळून कडक झाला.

"हे काय होतं?" तिने विचारलं.

"ताक्सिमी," तो म्हणाला. "गाणं अजून सुरू झालेलं नाही. हे नुसतं दार ठोठावणं."

त्या दिवसापासून घरात ग्रीक गाणी सुरू झाली. डबा भरताना, इस्त्री करताना, सायकलवर एका कानात.

"तुला ग्रीक कळतं का गं?" प्रसन्नने एकदा विचारलं.

"अक्षरही नाही."

"मग डोळ्यांत पाणी कशाला?"

"कांदा चिरतेय."

"कांदा तर अजून फ्रीजमध्ये आहे."

"आई, सेम साँग सिन्स मंडे!" मीनल आतून ओरडली. "कॅन वी प्लीज मूव्ह ऑन?"

मग एका रविवारी दुपारी थोदोरिसच्या सांगण्यावरून ती काटेनड्रेख्टला तिथल्या ग्रीक मंडळाच्या हॉलमध्ये गेली. ग्रीकांच्या गर्दीत आपण एकट्याच परक्या, या तयारीने गेली होती. तिथे निम्मे लोक परके निघाले. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला एक डच माणूस प्रत्येक गाण्याचा शब्द न् शब्द म्हणत होता, आणि अर्थ विचारला तर खांदे उडवत होता. शेजारी बसलेली केप व्हर्दीची नर्स म्हणाली, "मी पहिल्यांदा आत आले ती टॉयलेट शोधत. त्याला नऊ वर्षं झाली." सुट्टीला बेटावर गेलो आणि प्रेमात पडलो, असं सांगणारं कुणी जयंतीला भेटलं नाही. सगळे असेच, दुसऱ्याच कामाला निघालेले आणि दारातून आलेल्या आवाजाने थांबवलेले.

थोदोरिसची बुझुकी सुरू झाली आणि एक जाडजूड, टकला माणूस उठून मधल्या मोकळ्या जागेत गेला. दोन्ही हात पसरले आणि जमिनीकडे बघत संथपणे फिरू लागला. त्याच्याबरोबर कुणी उठलं नाही. दोघे-तिघे कडेला एका गुडघ्यावर बसून टाळ्या देत राहिले, बाकी हॉल चूप. तो माणूस वाकला, तळव्याने फरशीला स्पर्श केला, आणि वर आला तेव्हा त्याचा चेहरा आधीचा राहिला नव्हता. जयंती मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती. नऊ येत होत्या, पण शेवटच्या मात्रेपाशी दर वेळी तिचं बोट चुकत होतं. थोड्या वेळाने तिने मोजणं सोडून दिलं. मिरजेच्या मैफलींत ती वाढली होती. तिथे दाद द्यायची तर वाहवा म्हणतात. इथे काय म्हणायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि जे दिसत होतं त्यापुढे काही म्हणावंसंही वाटलं नाही.

एकच गोष्ट तिला खुपत राहिली. एवढा मोठा सूर, आणि लगेच विझतो. तार छेडली की उठला, की गेला. महिनोन् महिने ऐकून तिचं निदान पक्कं झालं होतं: या वाद्याची जवारी बंद आहे. कुणी कधी उघडलीच नाही.

म्हणून त्या शुक्रवारी ती हाडाची पट्टी मिरजेच्या पद्धतीने घासत होती. तिच्या परीने ती त्या म्हाताऱ्याचं देणं फेडत होती. साडेनऊला घोडी बसली, तारा चढल्या. मराइकेने शब्द पाळला, खिडकीकडे तोंड करून एका गिटारची मान तासत राहिली.

थोदोरिस दहाला आला. टोपी गुडघ्यावर. नखी तारेवर पडली आणि सगळं दुकान गुंजलं. एका सुरातून दुसरा, त्यातून तिसरा. काचेच्या कपाटातली मेंडोलिनंसुद्धा हलकी झणझणली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आपल्या हातून झालं आहे, अशी जयंतीची खात्री पटली.

थोदोरिसने तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला.

"पोटात माशी गेलीये," तो म्हणाला. त्याने बुझुकी उलटी करून हलवली, कान लावला, पुन्हा एक तार छेडली. "माशी कसली. पोळं आहे पोळं."

मराइके उठून आली. घोडीवरून अंगठा फिरवला. तिच्या कपाळाला आठी पडली, आणि तरीही ती गिऱ्हाइकाला शांतपणे म्हणाली, "हाडात दोष असेल. कधी कधी आतून पोकळ निघतं."

जयंतीला नुसती मान हलवायची होती. शनिवारही वाचला असता.

"हाड चांगलं आहे," ती म्हणाली. "मी मुद्दाम तसं केलं. आमच्या गावाला तंबोऱ्याला असंच करतात."

मग तिने जवारी समजावून सांगितली. डच शब्द पुरेनात तेव्हा हातांनी. थोदोरिसने सगळं ऐकून घेतलं. इंजिनवाला माणूस, घोडीचा उतार नखाने तपासून बघितला, तार कुठे घासते तेही बघितलं.

"म्हणजे तुमच्याकडे सूर संपतो कधी?"

"संपत नाही. गाणारा थांबला तरी मागे तंबोरा चालूच असतो."

"अरे देवा. मग तुम्ही गप्प कधी बसता?"

मराइके हसली. तीन वर्षांत जयंतीने तिला अशी हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं.

"मुली, हे सुंदर आहे," थोदोरिस म्हणाला. "पण माझं नाही. परवा मला वाजवायचंय. हा गुंगाट घेऊन गेलो तर आमचे लोक मला डॉक्टरकडे पाठवतील, कान तपासायला. दुसरी घोडी करतेस? मी बसतो इथेच."

तो कॉफी घेऊन स्टुलावर बसला. जयंतीने नवं हाड घेतलं. या घोडीचा माथा घराच्या आढ्यासारखा हवा होता, निमुळता, तारेला एकाच रेषेवर टेकू देणारा. तिचा हात ऐकेना. कड धारदार झाली की अंगठा आपोआप ती बोथट करायला धावे. दोनदा तिने पट्टी खाली ठेवली, हात मांडीखाली घेऊन बसली आणि मग पुन्हा घासायला लागली. कुणी घाई केली नाही. बारा वाजत आले तेव्हा तारा पुन्हा चढल्या.

थोदोरिसने पहिला सूर लावला. तो उठला, स्वच्छ, कोरडा, आणि विझला. म्हातारा थांबला. बाहेर ट्राम गेली, तिच्या चाकांचा आवाज त्या रिकाम्या जागेत ऐकू आला आणि दूर गेला. मग त्याने तोच सूर पुन्हा घेतला. तो विझायला लागताच नखी भरभर खालीवर चालवत तो जागता ठेवला, मनगटाच्या जोरावर, जेमतेम, निखाऱ्यावर फुंकर घालत राहावं तसा. आणि सोडून दिला. पुन्हा शांतता. त्या शांततेतून तो पुढचा सूर शोधत होता. शोधताना त्याचे ओठ किंचित हलत होते.

जयंती हातातलं फडकं न हलवता उभी होती. सकाळी आपण काय भरून टाकायला निघालो होतो ते तिच्या आता ध्यानात आलं. तिच्या गावच्या वाद्यात सूर मरत नाही, आणि गाणारा त्याच्या भरवशावर हिंडून येतो. इथे प्रत्येक सूर मरतो, हे वाजवणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. तरी तो माणूस पुढचा सूर लावतो. तिला भीती वाटली, लहानपणी उंच शिखराकडे मान वर करून बघताना वाटायची तशी, आणि ती ऐकत राहिली.

थोदोरिस मध्येच थांबला. ठीक आहे की नाही, काही बोलला नाही. बुझुकी ब्लँकेटात गुंडाळली, टोपी घातली, आणि दाराशी वळून म्हणाला, "रविवारी चारला. उशिरा आलीस तर उभं राहावं लागेल."

तो गेल्यावर मराइके बराच वेळ गिटारची मान तासत राहिली.

"एक हाड वाया गेलं," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आणि मी खोटं बोलले ते फुकट गेलं."

"ते ऐकलं मी."

"थोदोरिस पहिल्यांदा खूश नव्हता."

"आणि दुसऱ्यांदा?" जयंतीने विचारलं.

"दुसऱ्यांदा त्याने तक्रार केली नाही. मी त्याला वीस वर्षं ओळखते. याच्यापेक्षा जास्त खूश तो होत नाही." मराइकेने पटाशी खाली ठेवली. "अलार्मचा नंबर लिहून देऊ की पाठ होईल?"

"पाठ होईल."

उद्या शनिवार. मराइके सकाळच्या गाडीने मास्ट्रिख्टला बहिणीकडे जाणार आहे. दुकान नेहमीप्रमाणे साडेनऊला उघडतं, पहिलं गिऱ्हाईक मानेपाशी तडकलेलं मेंडोलिन घेऊन यायचं आहे, आणि शटर जयंती वर करणार आहे.