कोपऱ्यांतला घुमारा

व्याही गेले तेव्हा लक्षात आलं, हा माणूस मला फारसा माहीतच नव्हता. सोफ्यांना फोम-कापड चढवायचं दुकान होतं आणि सुयांनी अंगठ्याला घट्टे पडले होते, एवढंच. मला लिहायची सवय नाही. पण त्यांचं एक काम मी जवळून पाहिलंय, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्यांची मुलगी ही माझी सून. आवाज भरदार. ऑडिओबुक वाचायचं काम मिळावं म्हणून तिने आमच्या मागच्या छोट्या खोलीत नमुना रेकॉर्ड करून पाठवला. उत्तर आलं, आवाज छान आहे, पण खोली घुमते. ती सुधारून आणखी एकदाच पाठवा.

"एवढंच ना?" व्याही म्हणाले. दुकान बंद ठेवून आले आणि चारही भिंतींवर फोम लावून वर मखमल ताणली, मधे मधे बटणं टाचली. शिवण कुठे दिसेल तर शपथ!

"खोली आहे की दागिन्यांची पेटी?" आमच्या हिने टोमणा मारला.

"विहीणबाई, दागिनाच बसणार आहे ना आत!"

सुनेने वाचून पाहिलं. आवाजाची धार गेली, घुमारा जागच्या जागी. कारण तिला कळलं होतं. पातळ फोम बारीक आवाज गिळतो, जाड आवाज त्याला दाद देत नाही, कोपऱ्यांत जाऊन साठतो. पण बापाच्या हातच्या कामाला नावं कशी ठेवायची? ती माझ्याकडे बघायला लागली. मी चष्मा पुसत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, नाही जमलं."

मला वाटलं, आता बिनसणार. व्याही म्हणाले, "वाच बघू पुन्हा." आणि भिंतीच्या कडेकडेने फिरत एका कोपऱ्यात डोकं घालून उभे राहिले.

"हा काय, चोर इथे बसलाय! हाकलायचा कसा, सांग."

ती सांगत गेली, ते खोदून खोदून विचारत गेले. मग पक्कड घेतली आणि स्वतःचंच काम उचकटायला बसले. एकेक बटण. मला बघवेना, ते आपले शीळ घालत होते. नंतर कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे, म्हणजे आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे, जाड थर तिरपे उभे केले, मागे पोकळी ठेवली आणि वरून आवाज आत शिरेल असं विरळ विणीचं कापड लावलं.

"गोणपाटासारखं दिसतंय हो," मी भीत भीत म्हणालो.

"दिसू दे. ऐकणाऱ्याला कुठे दिसतंय?"

दुसरा नमुना पास झाला. सून आता रोज त्या खोलीत वाचते. घरी कोणी आलं की मी खोली दाखवतो, आणि आधी त्या उचकटलेल्या मखमलीची गोष्ट सांगतो. माझ्या हातून असं झालं नसतं. पण हे व्याह्यांना कधी बोललो नाही. शेवटचे आले होते, निघताना बूट घालत होते, तेव्हा बोलावंसं वाटलं होतं.

"व्याही, त्या कोपऱ्यांवर धूळ बसते हो. झटकू का?"

"झटकू नका, कापड सैल होईल. व्हॅक्यूमने ओढा, हलक्या हाताने."

"बरं."