निळ्या गण्याची परवानगी

मेधाकाकू फासा नेहमी स्टीलच्या ताटात टाकायच्या. सगळ्यांना दिसेल असा, टेबलाच्या मधोमध. खणखण आवाज व्हायचा, शेजारचे भिंतीवर थाप मारायचे, पण काकूंनी कधी ताटाखाली फडकं घातलं नाही. "झाकून टाकलेला फासा म्हणजे चोरी," त्या म्हणायच्या. पोटच्या मुलाच्या बाजूने फासा पडला नाही, तरी तो दुसऱ्यांदा टाकला जात नसे.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. दरी ओलांडता आली की नाही, वार लागला की चुकला, हे फासे ठरवतात. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं, ते परदेशातली एक कंपनी छापते. काकू अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायच्या. मुलगा नीरज कॉलेजात हा खेळ शिकून आला. गोष्ट सांगणारा मित्र नोकरीसाठी बंगलोरला गेला, तेव्हा काकूंनी डिक्शनरी घेऊन ते पुस्तक वाचून काढलं आणि म्हणाल्या, "मी सांगते गोष्ट. पण मराठीत सांगणार."

मी वांगणीची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. नीरज माझ्या वर्गात होता, म्हणून काकूंच्या कुळगावच्या घरात माझा शिरकाव झाला. खेळ रविवारी दुपारी असायचा, पण बाकीचे दिवस ते टेबल काकूंनी मला अभ्यासाला दिलं होतं. पुढे मी वकिलीची परीक्षा पास झाले, तिचा पाया त्या टेबलावर घातला गेला. मी पेढे घेऊन गेले तर काकूंनी आधी मार्कलिस्ट मागितली. ती वाचली, मग पेढा खाल्ला.

नीरजच्या पात्राचं नाव होतं गण्या. निळ्या कातडीचा, मानेवर माशासारखे कल्ले असलेला. या जमातीला कंपनीच्या पुस्तकात ऑस्क्रिन म्हटलंय. तिचं वैशिष्ट्य असं की ऑस्क्रिन मेला आणि चिखलात पुरला, की काही दिवसांनी पुन्हा उगवतो. नीरजला रक्ताचा आजार निघाला, त्यानंतर त्याने आपलं जुनं पात्र टाकून गण्या घेतला. आमच्यातला उल्हासनगरचा हरीश फक्त म्हणाला, "अच्छा है यार, तेरा तो लाइफटाइम वॉरंटी." नीरज खूप हसला. गण्या खेळात तीनचारदा मेला आणि उगवला. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या रविवारी राक्षसाने त्याला दरीत फेकलं, तेव्हा नीरज चष्मा पुसत म्हणाला, "आई, मार खुशाल. पान काढून बघ, लिहिलंय तिथे."

तो हॉस्पिटलातून परत आला नाही. त्याचे बाबा तो लहान असतानाच गेले होते. घरात काकू एकट्या उरल्या.

पुढचं वर्ष त्या लिहीत होत्या. आमचा सगळा खेळ त्यांनी कादंबरीत उतरवला. शेवटच्या प्रकरणात गण्या दरीतल्या चिखलातून उगवत होता. अंबरनाथच्या एका प्रकाशकांना ती आवडली. पण ते स्वतः कधी काळी हा खेळ खेळलेले होते. "बाई, गोष्ट तुमची आहे, पण हा निळा प्राणी तुमचा नाही," ते म्हणाले. "कंपनीची परवानगी आणा, नाहीतर त्याला काढा."

काकूंनी मला बोलावून घेतलं. मी शिकले होते तसं सांगितलं. "कल्पना कुणाच्या मालकीची नसते, काकू. जादू, तलवारी, मरून परत येणं, हे कोणीही लिहावं. पण हे नाव, ही कातडी, हे कल्ले, चिखलातून उगवणं, हे सगळं मिळून त्यांनी घडवलेलं पात्र आहे."

"म्हणजे माझ्या गण्याचं न मरणं त्यांचं?"

"न मरणं नाही. न मरण्याची ती रीत त्यांची."

हरीश वैतागला. "काकू, अमेरिकेत बसून कोण मराठी वाचणार? छापून टाका बिंदास."

"वाचणारे कमी असले की चोरी लहान होते का रे?" काकू म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

त्यांनी कंपनीला मेल लिहिला. इंग्रजी मी तपासलं. त्यात त्यांनी मुलाचं सगळं सांगितलं होतं. उत्तर येईना. त्यांनी पुन्हा लिहिलं, परत लिहिलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोन उघडून बसायच्या, असं त्यांच्या सहकारी बाई सांगत. शेवटी उत्तर आलं. भाषा मायेची होती, आशय सरळ होता. घरी खेळा, मित्रांना सांगा, पण ऑस्क्रिन घालून पुस्तक विकता येणार नाही.

मग काकूंनी दुसरी जमात रचायला घेतली. सोन्याच्या झाडाचं फळ खाऊन जगणारा गण्या. विहिरीतून परत येणारा गण्या. राखेतून उठणारा गण्या. लिहायच्या आणि फाडायच्या. केस विंचरेनाशा झाल्या, डबा न खाता परत आणायच्या. मी म्हटलं, "काकू, यातलं कुठलंही चालेल. कायद्याने काहीच अडत नाही."

त्या माझ्यावर ओरडल्या. आयुष्यात एकदाच. "कायद्याचं काय सांगतेस! मला खरं वाटत नाही त्यातलं एकही. नीरजने विश्वास का ठेवला? आईने धीर द्यायचा म्हणून सांगितलं नव्हतं, ते छापलेलं होतं. नियम होता तो. आणि आता ही आई बनवून सांगणार? त्याने ओळखलं असतं गं लगेच."

हरीश नखं कुरतडत होता. मग म्हणाला, "काकू, एक बोलू? रागवू नका. मला तो निळा कधी दिसलाच नाही. आपण खेळायचो ना, तेव्हा मला नीरजच दिसायचा. नाक वर ओढणारा, चष्मा टी-शर्टला पुसणारा. त्याच अवतारात राक्षसाला शिव्या घालायचा."

"मला पण," काकू म्हणाल्या.

त्यांनी पुस्तक पुन्हा लिहिलं. आता त्यात कल्ले नव्हते, निळा रंग नव्हता. चष्मा लावलेला, थोडं चाललं की दम लागणारा एक मुलगा होता. त्याचं नाव नीरज. एका रविवारी त्यांनी आम्हाला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. राक्षसाने नीरजला दरीत फेकलं. साथीदार खाली उतरले. त्यांनी वाट पाहिली. तो उठला नाही. माणूस होता तो.

हरीश रडायला लागला. "काकू, एक चान्स द्या ना. एकदा फासा टाका."

"पुस्तकात फासा नसतो, बाळा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी कागद नीट रचून ठेवले.

प्रकाशकांना ते रूप पसंत पडलं. पण त्यांचा मला फोन आला. खऱ्या मुलाचं नाव आहे, त्याचं आजारपण आहे, जपून राहिलेलं बरं. घरच्यांची संमती घ्या, असं त्यांचं म्हणणं. मी काकूंकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी सांगितलं, आता कंपनीचा काही संबंध नाही, फक्त एकाच माणसाची संमती हवी.

"कुणाची?"

"तुमची."

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. पुन्हा पुन्हा ज्या बाईने साता समुद्रापलीकडच्या लोकांपुढे पदर पसरला होता, तिला स्वतःला विचारलं तर उत्तर देता येईना. मला कळत होतं की हो म्हणणं म्हणजे काय. नीरज त्या दरीतून उठला नाही, हे त्यांच्या सहमतीने छापलं जाणार होतं.

"मला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. मी उठले. दारापर्यंत त्या आल्या नाहीत.

पुढे किती तरी दिवस फोन नव्हता. मी करत नव्हते, प्रकाशकांनाही करू देत नव्हते. मग एका सकाळी मी उल्हासनगरच्या कोर्टाच्या आवारात अशिलाची वाट बघत उभी असताना त्यांचा फोन आला. एकेक शब्द मोजून आला.

"सुवर्णा, त्यांना सांग. आईची हरकत नाही."